सूर्याशिवाय जीवसृष्टी : ऊब मिळेल हो, पण खाणार काय?

प्रश्न असा आहे की ज्या ग्रहांना ताराच नाही, जे आकाशगंगेत एकटेच हिंडतायत, त्यांच्यावर किंवा त्यांच्या चंद्रांवर जीवसृष्टी असू शकते का. आणि खाली जोडून विचारलंय की सूर्यच नाही म्हटल्यावर सगळं गोठून गेलेलं असणार, मग शास्त्रज्ञ यावर एवढे पेपर कशाला लिहितात.

मी बर्फाळ चंद्रांच्या पोटातल्या उष्णतेची गणितं करतो, बरीच वर्षं तेच काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, पण आधी सरळ सांगून टाकतो. सूक्ष्मजीव असू शकतात, फिजिक्सची त्याला काही हरकत नाही. झाडं, प्राणी वगैरे, मला नाही वाटत. आणि थंडी, जिची सगळ्यांना काळजी वाटते, ती मुख्य अडचण नाहीचे, ऊब टिकवायचे दोन-तीन चांगले मार्ग आहेत. अडतं ते खाण्यापाशी. म्हणजे उबदार अंधारात बसलेल्या जिवाणूला रोजची ऊर्जा कुठून मिळणार, तिथे. आणि याच कारणासाठी मला विचाराल तर मी ग्रहांपेक्षा त्यांच्या चंद्रांवर पैज लावेन.

असे ग्रह खरंच आहेत का, तर आहेत, आणि ढिगानं असावेत. बहुतेक छोटे ग्रह हे त्यांच्या स्वतःच्या ताऱ्याभोवतीच तयार होतात आणि नंतर गुरूसारखा एखादा मोठा शेजारी गुरुत्वाकर्षणानं त्यांना बाहेर भिरकावून देतो. आपल्या सूर्यमालेतही सुरुवातीला आणखी एक बर्फाळ मोठा ग्रह होता आणि तो असाच बाहेर फेकला गेला अशी थिअरी आहे, सिद्ध नाही पण सिम्युलेशनमध्ये ती बरी बसते. मोजायचं कसं, तर मायक्रोलेन्सिंगनं. भटका ग्रह लांबच्या ताऱ्याच्या बरोब्बर पुढून गेला की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे तो तारा थोडा वेळ जास्त चमकतो, बस, एवढाच पुरावा. २०११ मध्ये जपान-न्यूझीलंडच्या मोआ गटानं सांगितलं की दर ताऱ्यामागे गुरूएवढे जवळपास दोन भटके ग्रह आहेत, सगळीकडे हेडलाइन झाल्या, मग २०१७ मध्ये पोलंडच्या ओगल गटानं कितीतरी जास्त डेटा घेऊन दाखवलं की छे, गुरूएवढे फार तर चार ताऱ्यांमागे एक. पण छोटे मात्र भरपूर निघाले. २०२३ च्या मोआच्या हिशोबात पृथ्वीच्या एक तृतीयांश वजनापासून वरचे सगळे धरले तर दर ताऱ्यामागे २१ येतात, अर्थात खरा आकडा ८ ते ४४ मध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे २१ हा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर जरा थांबा. मुद्दा एवढाच की ताऱ्यांपेक्षा हे ग्रह जास्त असावेत.

आता थंडीचं बघू. सूर्य उद्या नाहीसा झाला असं धरा. पृथ्वीच्या पोटातून सतत उष्णता बाहेर येते, एकूण ४७ टेरावॉटच्या आसपास, म्हणजे दर चौरस मीटरला ०.०९ वॉट. सूर्याकडून आपण शोषतो ते सरासरी २४० वॉट. म्हणजे उरलेल्या मिळकतीवर पृष्ठभागाचं तापमान येतं साधारण ३५ केल्विन, उणे २३८ सेल्सिअस. नायट्रोजन उणे २१० ला गोठतो, ऑक्सिजन उणे २१९ ला, त्यामुळे हवा अक्षरशः बर्फ होऊन खाली पडणार आणि जमिनीवर तिचा साधारण दहा मीटरचा थर होणार. इथपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण समुद्र? बर्फ हा उष्णतेचा तसा बेताचाच वाहक आहे, वर गोठत जातो तसतसं खालच्या पाण्याला झाकत जातो. मग थर किती जाड होऊन थांबेल, हे गणित सोपं आहे, खालून येणारी उष्णता आणि बर्फातून निसटणारी उष्णता सारखी झाली की थांबला. ०.०९ वॉट घातले की उत्तर येतं सुमारे १४ किलोमीटर. आणि आपल्या समुद्राची सरासरी खोली आहे ३.७ किलोमीटर! मारियाना गर्ता सुद्धा ११ च्या आत संपते. म्हणजे पृथ्वी जशी आहे तशी बाहेर फेकली तर समुद्र तळापर्यंत गोठणार, ज्वालामुखींच्या आसपास कुठे कुठे पाणी राहील तेवढंच. लोकांना हे माहीत नसतं, ते धरून चालतात की वर बर्फ आणि खाली समुद्र मस्त राहील, तसं नाही होत.

पण पृथ्वी ही काही एकमेव रेसिपी नाही ना. २०११ मध्ये अॅबट आणि स्विट्झर या दोघांनी हाच हिशोब वेगवेगळ्या वजनाच्या ग्रहांसाठी केला आणि दाखवलं की ग्रह पृथ्वीच्याच घटकांचा पण साडेतीनपट जड असेल तर पोटातली उष्णता वाढते, बर्फाचा थर ८ किलोमीटरवर येतो, आणि पाणीही त्याच प्रमाणात जास्त असल्यामुळे समुद्र त्याच्यापेक्षा खोल निघतो. झालं, खाली पाणी शिल्लक. पाण्याचं प्रमाण जास्त असेल, त्यात क्षार किंवा अमोनिया असेल, किंवा बर्फावर गोठलेल्या वायूंचा जाड थर बसला असेल तर याहून हलका ग्रहही चालतो. ही उष्णता येते मुख्यतः युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारातून, थोडी ग्रह तयार होतानाची उरलेली. थोरियमचं अर्धायुष्य १४ अब्ज वर्षं आहे, युरेनियम-२३८ चं साडेचार अब्ज, म्हणजे ही चूल लवकर विझणारी नाही.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो. कॅलटेकच्या डेव्हिड स्टीव्हनसन यांनी १९९९ मध्ये नेचरमध्ये छोटासा लेख लिहिला, जेमतेम पानभराचा. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीएवढा ग्रह नव्या ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीत तयार होताना भरपूर हायड्रोजन गोळा करतो, ताऱ्याजवळ राहिला तर अतिनील किरणं तो उडवून लावतात, पण लवकर बाहेर फेकला गेला तर तो हायड्रोजन तसाच राहतो. आणि हायड्रोजन एवढ्या थंडीतही गोठत नाही. दाब खूप वाढला की हायड्रोजनचे रेणू एकमेकांवर आपटून इन्फ्रारेड अडवायला लागतात, म्हणजे ती एक जाडजूड गोधडीच होते. वरून बघाल तर ग्रह ३० केल्विन, आणि खाली जमिनीवर पाणी द्रव. त्यासाठी दाब लागतो हजार बारच्या घरात, ऐकायला भयंकर वाटतं, पण मारियाना गर्तेच्या तळाशी एवढाच दाब आहे आणि तिथे जीव आरामात राहतात. हायड्रोजनमध्ये जीव गुदमरतील का, तर तेही नाही, २०२० मध्ये सारा सीगर यांच्या गटानं ई-कोलाय जिवाणू आणि यीस्ट शंभर टक्के हायड्रोजनमध्ये वाढवून दाखवले. वाढले हळू, पण वाढले.

आता चंद्र. इथे उष्णतेचा तिसरा मार्ग येतो, भरती-ओहोटीचा. चंद्राची कक्षा थोडी लंबगोल असली की तो ग्रहाच्या जवळ-लांब होत राहतो, प्रत्येक फेरीत त्याचं अख्खं शरीर दाबलं-ताणलं जातं आणि आत घर्षणानं उष्णता तयार होते. याला ताऱ्याची गरज शून्य. गुरूचा आयो बघा, आपल्या चंद्राएवढाच, पण दर चौरस मीटरला दोन वॉटच्या वर उष्णता ओकतो, पृथ्वीच्या वीसपट. गुरूच्याच दुसऱ्या, बर्फाळ चंद्राला, युरोपाला, यापेक्षा कितीतरी कमी मिळते पण समुद्र राखायला तेवढी पुरते.

इथे एक ग्यानबाची मेख आहे जी लोकप्रिय लेखांत बहुतेक वेळा सुटते. एकटाच चंद्र असेल तर हेच घर्षण त्याची कक्षा हळूहळू गोल करून टाकतं आणि गोल झाली की उष्णता बंद. पृथ्वीसारखा ग्रह आपल्या चंद्रासकट बाहेर फेकला जाण्याची शक्यता डेबेस आणि सिगुर्डसन यांनी २००७ मध्ये काढली होती, सुमारे ५ टक्के, वाईट नाही, पण ती ऊब भूगर्भीय काळाच्या मानानं थोडेच दिवस टिकते. आयो, युरोपा आणि गुरूचाच तिसरा चंद्र गॅनिमीड यांचं तसं होत नाही कारण त्यांच्या फेऱ्या १:२:४ अशा बांधलेल्या आहेत (गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार), ते एकमेकांना सतत ढकलत राहतात आणि कक्षा गोल होऊच देत नाहीत. म्हणून मी भटक्या गुरूचा, दोन-तीन चंद्र अशा साखळीत असलेला संसार शोधेन, एकुलता एक चंद्र नाही. ग्रह फेकला जाताना लांबचे चंद्र सुटतात पण जवळचे घट्ट धरून राहतात, आणि भरती-ओहोटीला जवळचेच लागतात, हे एक बरं आहे.

आता युरोपाचाच हिशोब करू, सूर्य काढून टाकून. पृष्ठभाग आत्ता साधारण १०० केल्विन आहे, तो ३०-३५ वर येईल. बर्फ जितका थंड तितका तो उष्णता जास्त चांगली वाहून नेतो, ते धरून गणित केलं तर थर साधारण दुप्पट जाड होतो, म्हणजे आत्ता २० किलोमीटर धरला तर ४०. आणि समुद्र आहे शंभरेक किलोमीटर खोल. म्हणजे समुद्र शिल्लक राहतो! बर्फ आतल्या आत कन्व्हेक्शननं, म्हणजे गरम वर आणि थंड खाली असा, ढवळला जात असेल तर आकडे बदलतील, पण निकाल तोच.

वातावरण असलेल्या चंद्रांवरही काम झालंय, चिली आणि म्युनिकच्या मंडळींनी २०२१ मध्ये गुरूएवढ्या भटक्या ग्रहाभोवती पृथ्वीएवढा चंद्र घेतला, ९० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि १० टक्के हायड्रोजनचं वातावरण दिलं, आणि दाखवलं की कॉस्मिक किरणांच्या जोरावर तिथे पाणी तयार होऊ शकतं. किती, तर पृथ्वीच्या समुद्रांच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढं. नंतरच्या हिशोबांत जाड वातावरण असेल तर पृष्ठभागावर पाणी अब्ज वर्षांच्या वर टिकतं असं आलं. पृथ्वीएवढा चंद्र मुळात तयार होतो का हा वेगळा वाद आहे, आपल्या सूर्यमालेत तरी गॅनिमीडच्या पुढे कुणी गेलेलं नाही आणि त्याचं वजन पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. मला हे चित्र जरा जास्तच गोड वाटतं.

बरं, आता खाण्याचं. बहुतेक लोक इथे म्हणतात की समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत ना, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ आल्विन पाणबुडीला सापडले, तिथे सूर्याशिवाय अख्खी वस्ती आहे, प्रश्न मिटला. नाही मिटला. तिथले दोन मीटरचे ट्यूबवर्म ज्या जिवाणूंवर जगतात ते हायड्रोजन सल्फाइड जाळतात, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि तो ऑक्सिजन वर उन्हात शेवाळांनी बनवलेला असतो. म्हणजे अंधारात राहूनही उधारी सूर्याचीच. नुसती उष्णता खाता येत नाही, दोन अशी रसायनं एकत्र यावी लागतात ज्यांचं एकमेकांशी अजून जमलेलं नाही, त्यांच्या रिअ‍ॅक्शनमधून जी ऊर्जा सुटते तिच्यावर जिवाणू जगतो. सगळं बंद डब्यात ठेवलं तर काही काळानं रिअ‍ॅक्शन पूर्ण होते आणि उपासमार सुरू.

मग खरोखर सूर्याशी संबंध तोडून कोण जगतं? एक म्हणजे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव. ऑलिव्हिनसारख्या खनिजांशी पाण्याची रिअ‍ॅक्शन झाली की हायड्रोजन सुटतो, तो आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हे मिथेन करतात, ऑक्सिजन लागत नाही. जोवर ताजा खडक पाण्याला मिळतोय तोवर चालू. आणि दुसरं उदाहरण माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, ६० डिग्रीच्या पाण्यात एक जिवाणू सापडला, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर, २००८ मध्ये त्याचा जीनोम छापून आला. त्या पाण्यातले ९९.९ टक्क्यांहून जास्त जीव म्हणजे हा एकटाच! खडकातल्या युरेनियमची किरणं पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रोजन मिळतो, सल्फेटही त्याच किरणांच्या कृपेनं तयार होतं, आणि हा त्या दोघांवर जगतो. म्हणजे थेट किरणोत्सारावर चाललेला संसार.

आपल्याकडेही याच्याशी नात्यातलं काम झालंय. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं, वरचा बेसॉल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत, आणि त्या खडकांच्या नमुन्यांमध्ये आयआयटी खरगपूरच्या गटाला सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळाला. सह्याद्रीच्या पोटात इतकं खाली, जिथे काही उगवत नाही काही दिसत नाही, तिथेही कोणीतरी आहे. आता हे जीव किती प्रमाणात वरच्या जगावर अवलंबून आहेत ते ठरवणं किचकट काम आहे, आणि भटक्या ग्रहांसाठी मोलाचं तेच.

पण प्रमाण लक्षात घ्या. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून वर्षाला सुमारे १०० अब्ज टन कार्बन बांधला जातो. गरम झऱ्यांवरची रसायनावर चालणारी वस्ती त्याच्या हजारातला एक भागही नाही. म्हणून मी म्हटलं की झाडं-प्राणी विसरा. भटक्या ग्रहावर जीव असलेच तर ते विरळ असतील, भयंकर सावकाश वाढत असतील, काही पेशींना एकाच्या दोन व्हायला शतकं लागतील. स्टीव्हनसनच्या हायड्रोजनवाल्या ग्रहाची तर आणखी पंचाईत, तिथे हायड्रोजन अमाप पण त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होणारं दुसरं काहीतरी ज्वालामुखीतून जेवढं येईल तेवढंच. ताट भरलेलं पण नुसत्या मिठानं, असं म्हणा हवं तर.

आणि इथे चंद्र पुढे निघतात. युरोपाच्या बर्फावर गुरूच्या रेडिएशन बेल्टमधले, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले वेगवान कण सतत आदळतात, बर्फाचे रेणू फुटतात, ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. २०२४ मध्ये गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या मोजणीतून आलं की युरोपावर सेकंदाला सुमारे १२ किलो ऑक्सिजन बनतो, आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा कमी, पण बनतो. आता गंमत बघा, हे कण मुख्यतः आयोच्या ज्वालामुखींतून आलेले आणि त्यांना पळवणारी ताकद गुरूच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याची आणि चुंबकीय क्षेत्राची. सूर्य यात जवळपास कुठेच नाही! म्हणजे भटक्या गुरूभोवती एक आयो आणि एक युरोपा असेल तर वर ऑक्सिजन, खाली खडकातून हायड्रोजन, दोन्ही बाजूंचा पुरवठा ताऱ्याशिवाय. अडचण फक्त ही की वरचा ऑक्सिजन ४० किलोमीटर बर्फातून खाली पोचायला हवा, आणि बर्फ जाड-थंड झाला की ते आणखी अवघड. आत्ताच्या युरोपावर तो पोचतो की नाही यावरच आमच्यात भांडणं आहेत. तरीही एकट्या ग्रहापेक्षा हे चित्र मला जास्त पटतं.

जीव सुरू कसा होणार हा प्रश्न आपल्याला पृथ्वीबद्दलही सुटलेला नाही, त्यामुळे इथे थोडक्यात. जीवन गरम झऱ्यांपाशी सुरू झालं असेल तर भटक्या जगात काही अडत नाही. पण सुकणाऱ्या-भरणाऱ्या डबक्यांत, सूर्याच्या अतिनील किरणांच्या मदतीनं सुरू झालं असेल, जसं केंब्रिजच्या जॉन सदरलँड यांच्या प्रयोगांवरून वाटतं, तर अंधारात ते होणार नाही, मग एकच वाट उरते की ताऱ्याजवळ असतानाच सुरू व्हायचं आणि फेकलं गेल्यावर नुसतं टिकायचं. बरीच फेकाफेक सुरुवातीच्या काही कोटी वर्षांत होते, तेवढा वेळ पुरतो का, कोण सांगणार.

राहिला प्रश्न की हे कधी तपासता येईल का. मायक्रोलेन्सिंगनं नाही. २०२० मध्ये जाहीर झालेली ओगलची एक घटना, मंगळ ते पृथ्वीएवढ्या ग्रहाची, तिचा टाइमस्केल, म्हणजे चमक किती वेळ टिकते त्याचं माप, होता ४१.५ मिनिटं, आणि तो ग्रह पुन्हा कधीही सापडणार नाही. २०२४ मधल्या एका घटनेच्या वेळी नशिबानं ताऱ्यांची अंतरं मोजणारं गाया यानही त्याच दिशेला बघत होतं, दोन ठिकाणांहून बघितल्यामुळे अंतर आणि वजन दोन्ही कळलं, शनीच्या आसपासचा निघाला, पण तिथेही माहिती तेवढ्यावरच संपते. नासाची रोमन दुर्बीण पृथ्वीएवढे शेकडो भटके ग्रह मोजेल असा अंदाज आहे. मोजेल, वास घेऊन बघणार नाही. थेट दिसतात ते फक्त तरुण, अजून तापलेले मोठे ग्रह, जसा सत्तर-ऐंशी प्रकाशवर्षांवरचा पीएसओ जे३१८, २०१३ मध्ये सापडलेला. अशांच्या पुढून त्यांचा एखादा चंद्र गेला तर प्रकाश किंचित कमी होईल आणि जेम्स वेब दुर्बिणीला ते पकडता यायला हवं, असा हिशोब २०२१ मध्ये मांडला गेलाय. चंद्र आहे एवढं कळेल, त्याच्या बर्फाखाली काय आहे ते नाही.

त्यामुळे कामाची चाचणी घराजवळचीच. शनीच्या बर्फाळ चंद्राच्या, एन्सेलॅडसच्या, फवाऱ्यात कॅसिनी यानाला हायड्रोजन मिळाला, २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि २०२३ मध्ये त्याच डेटातून फॉस्फेट. नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान २०३१ मध्ये. क्लिपर जीव शोधायला चाललेलं नाही, बर्फ किती जाड आहे, वरचा माल खाली जातो का, समुद्र खारट किती, हे बघणार आहे. भटक्या चंद्रांच्या माझ्या गणितांना नेमके हेच आकडे हवेत, आत्ता मी त्या जागी अंदाज भरतोय.